कोकणची बोट रेल्वेने नाही, पडावाने घालवली

माझगावकर

२०२५ मध्ये मुंबई-जयगड-विजयदुर्ग रो-रोची (गाड्यांसकट माणसं नेणाऱ्या बोटीची) घोषणा झाली तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन वाक्यं आलटून पालटून येतात. एक, "काय ते दिवस होते बोटीचे!" आणि दुसरं, "रेल्वे आली आणि बोट मेली." पहिल्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, ज्याचं त्याचं बालपण. दुसरं मात्र तारखा लावल्या की टिकत नाही. कोकण रेल्वे सबंध मार्गावर सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकण-गोव्याची उतारू बोट तोवर बंद होऊन वर्षं लोटली होती. जी मुळात नव्हतीच तिला रेल्वे कशी मारणार?

माझं म्हणणं असं की बोटीला पडावाने, म्हणजे किनारा ते बोट अशी ने-आण करणाऱ्या होडीने मारलं. ते पटण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ ला निघाली आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत निम्मं रत्नागिरी गिरणगावात येऊन राहिलं. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा सिंधुदुर्गही त्यातच. ही माणसं आली कशी? आधी गलबतांतून, वाऱ्याच्या मर्जीने. मग आगबोटीतून. शेफर्ड कंपनी, तिच्यानंतर बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन, जिचा कारभार किलिक निक्सन पाहायची. स्वदेशीच्या लाटेत देशी भांडवलाची इंडियन को-ऑपरेटिव्ह निघाली. लोक तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणायचे. या कंपनीने बोटींना संतांची नावं दिली, तुकाराम, रामदास. स्वातंत्र्यानंतर सिंदिया, मग चौगुल्यांच्या 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती', शेवटी मोगल लाइन. हज यात्रेकरूंना जेद्दाला नेणारी हीच ती मोगल लाइन.

माझ्या लहानपणी घरात 'चंपावती', 'रोहिदास', 'साबरमती' ही नावं आत्या-मावश्यांच्या नावांसारखी घेतली जायची. "त्या वर्षी आपण चंपावतीने गेलो होतो" म्हटलं की साल सांगायची गरज नसे.

आता मुद्द्याचं. मुंबईच्या टोकाला धक्का होता. भाऊ अजिंक्यांनी १८४१ मध्ये उतारूंसाठी धक्का बांधला, कारण त्याआधी मुंबईतही लोक गुडघाभर चिखलातून होडीत चढत. पुढे धक्क्याची जागा सरकली, नाव राहिलं. वळकटी आणि पत्र्याची ट्रंक हमालाच्या डोक्यावर, हातात तिकीट, फळीवरून चालत बोटीत. डेकवर सतरंजी पसरून चारही कोपऱ्यांवर एकेक माणूस बसवला की संसार मांडून झाला. बोट सकाळी सुटायची ती दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला लागायची. मध्ये हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला.

आणि या मधल्या बहुतेक बंदरांत बोट किनाऱ्याला लागतच नसे. भर समुद्रात नांगर टाकायची, भोंगा द्यायची. किनाऱ्यावरून पडाव यायचे. बोट मोठी, ती जराशीच हलते. पडाव मात्र लाटेबरोबर पुरुषभर वर आणि पुरुषभर खाली. बोटीच्या कुशीत दार उघडलेलं, त्यात एक खलाशी, पडावात दुसरा. पडाव वर आला की "टाक!" म्हणायचं आणि उडी मारायची. खलाशी दंडाला धरून खेचून घ्यायचा. पोरं हातोहात दिली जायची, गाठोड्यांसारखी नाही तर गाठोड्यांच्या आधी, कारण गाठोडं पाण्यात पडलं तर परत मिळण्याचा भरवसा नसायचा आणि बायका गाठोडं सोडायला तयार नसायच्या. नऊवारीतली म्हातारी, गरोदर बाई, हापूसच्या पेट्या, कोंबड्या, सगळं याच वाटेने. हर्णैला तर पडावही वाळूपर्यंत येत नसे, शेवटचं अंतर खलाशाच्या खांद्यावरून.

हे रात्री दोन वाजताही व्हायचं. बोट तुमच्या बंदरावर कधी पोचते यावर सगळं. मुंबईहून निघताना दिवस असला तरी मालवण-वेंगुर्ल्याची माणसं अंधारातच उतरायची.

पन्नास-साठच्या दशकांत खाड्यांवर पूल होऊ लागले, एसटी आली. आता सांगा, दारात उतरवणारी एसटी की रात्री दोनची उडी? मधल्या बंदरांत धक्के बांधले असते तर बोट टिकली असती असं माझं मत आहे. दीडशे वर्षं नफा मुंबईच्या टोकाला मोजला, खर्च मात्र तिकडच्या टोकाला कोणी केला नाही.

---

फोंडाघाट

वाचतोय. धागा मस्त.

पण तुम्ही पडावावर जरा जास्तच राग काढलाय. पावसाळ्याचं काय? मेअखेरीला बोट बंद ती गणपतीच्या आगेमागे सुरू. म्हणजे चाकरमान्याला गणपतीला जायचं तर सणच हुकण्याची भीती. त्या तीन-चार महिन्यांत आमचे लोक आगगाडीने कोल्हापूरला जायचे (तिथे रेल्वे १८९१ पासून आहे) आणि मग घाट उतरून खाली. माझ्या आजोबांच्या तोंडी फोंडा, गगनबावडा, आंबोली हीच नावं जास्त, चंपावती नंतर. धक्के बांधले असते तरी जुलैत बोट चालली नसती. वर्षातून चार महिने बंद राहणारी सेवा बारमाही एसटीपुढे कशी टिकणार?

---

माझगावकर

फोंडाघाट, पावसाळ्याचा मुद्दा मान्य. पण तो १८९० लाही होताच की. तरी बोट शंभर वर्षं चालली, कारण उरलेल्या आठ महिन्यांत तिला जोड नव्हती. जोड मिळाली तेव्हा लोकांनी आधी काय सोडलं ते बघा. मुंबई-पणजी थेट जाणारे उतारू शेवटपर्यंत मिळत होते. गोव्याला जाणारे गोरे हिप्पी डेकवर गिटार वाजवत बसायचे, हे पाहिलेली माणसं अजून आहेत. पणजीला धक्का होता! रोडावले ते मधल्या बंदरांचे उतारू.

---

पावशेर_खोबरं

बोटीत खायला काय मिळायचं हे कोणी सांगेल का? आमच्याकडे या विषयावर दोन तट आहेत. एक आजी म्हणते काहीच खाल्लं नाही, कारण बोट लागायची. दुसरी म्हणते सगळं खाल्लं, आणि मग बोट लागली.

---

नलूताई_गिरगाव

पावशेर 😄 आम्ही घरून न्यायचो. भाकरी, सुकटीची चटणी, उकडलेली अंडी. चहा बोटीवर मिळायचा, काळाकुट्ट आणि गोड. आई लिंबू घेऊन बसायची, वास घ्यायला. आमची जागा इंजिनाच्या वर आली की खालून ऊब यायची आणि तेलाचा वास, आणि त्या वासानेच निम्मी माणसं कठड्याकडे धावायची. अनुभवी लोक म्हणून आधी पळत जाऊन पुढच्या बाजूची जागा धरायचे.

माझगावकर, उडीचं वर्णन तंतोतंत. फक्त एक भर घालते. खलाशी बायकांना 'आये' नाहीतर 'वयनी' म्हणायचे आणि दंड असा धरायचे की चार दिवस वळ राहायचा. त्याबद्दल कोणी कधी तक्रार केली नाही.

---

रेवसची_लेक

बोटीचा धागा आणि अजून रामदासचं नाव फक्त कंपनीच्या ओळीत आलंय, म्हणून लिहिते.

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिना उरलेला. गटारी अमावास्या होती, लोक सणाला घरी निघाले होते. सकाळी आठला रामदास भाऊच्या धक्क्यावरून रेवसला सुटली. दीड तासाचा प्रवास. वर कोणी विचारेल की पावसाळ्यात बोट कशी? तर बंद व्हायची ती लांबची, गोव्याकडची. रेवस-धरमतरची फेरी बंदराच्या तोंडातली, ती पावसातही चालायची. आमच्या बाजूच्या लोकांना ती लोकलसारखी रोजची, त्यामुळे भीती अशी कोणाला वाटत नव्हती.

बोट १७९ फूट लांब आणि फक्त २९ फूट रुंद. बंदराबाहेर पडल्यावर वारा-पाऊस वाढला, पाणी डेकवर येऊ लागलं. माणसं घाबरून कोरड्या बाजूला धावली, सगळी एकाच बाजूला. बोट कलली आणि काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेच्या वर माणसं गेली.

आता पुढचं लक्ष देऊन वाचा. बोटीवर बिनतारी संदेशाचं यंत्र नव्हतं. मुंबईपासून तासाभराच्या अंतरावर सहाशे माणसं बुडाली आणि मुंबईला दुपारपर्यंत पत्ता नव्हता. पोहत आलेल्या माणसांनी सांगितलं तेव्हा कळलं. त्याआधी जी काही मदत झाली ती आमच्या कोळ्यांची. मासळी घेऊन मुंबईच्या बाजाराला निघालेल्या होड्यांनी मासळी समुद्रात ओतून दिली आणि माणसं उचलली. आमच्या वाड्यात हे अजून सांगतात, आणि सांगताना कोणत्या होडीत किती पाट्या होत्या तेही सांगतात, कारण तो दिवसाचा धंदा होता. वाचलेल्यांतले बारक्या मुकादम तेव्हा लहान पोर होते. पुढे कितीतरी वर्षं पत्रकार त्यांच्याकडे जात आणि ते तोच प्रसंग न कंटाळता सांगत.

तेव्हा माझगावकर, तुमच्या 'धक्का नव्हता' या मांडणीत हे कुठे बसतं? मुंबईला धक्का होता, रेवसला बंदर होतं. उडी कोणाला मारावी लागली नाही.

---

खेतवाडीचा_कच्छी

रेवसची_लेक यांच्या पोस्टनंतर हे लिहिणं भाग आहे. आमच्याकडे जे नाव निघतं ते 'वीजळी'. कागदोपत्री वैतरणा. विजेचे दिवे लावलेली बोट म्हणून लोकांनी वीजळी म्हटलं. वर उल्लेख आलेल्या शेफर्ड कंपनीचीच. ८ नोव्हेंबर १८८८ ला कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली, सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात सापडली आणि नाहीशी झाली. सातशेच्या वर माणसं. त्यात लग्नाची वऱ्हाडं, मॅट्रिकच्या परीक्षेला मुंबईला निघालेली मुलं. सांगाडा सापडला नाही, प्रेतं सापडली नाहीत. गुजरातीत लोकगीतं आहेत त्यावर, आमच्या घरच्या बायका म्हणायच्या.

१८८८ ला बोटीवर जीव वाचवायची साधनं अपुरी होती, १९४७ ला अपुरी होती. मध्ये ११ नोव्हेंबर १९२७ ला तुकाराम आणि जयंती एकाच दिवशी गेल्या, त्याच वादळात. बोटींचे मालक इंग्रज असोत नाहीतर स्वदेशी.

---

माझगावकर

रेवसची_लेक, तुमचा प्रश्न रास्त आहे. रामदास माझ्या मांडणीत बसत नाही आणि बसवायचा खटाटोपही मी करणार नाही. माझं बोलणं लांबच्या बोटीबद्दल, ती का ओस पडली याबद्दल. रामदास बुडाली तरी रेवसची फेरी बंद पडली नाही, आजही लाँच जाते. म्हणजे नुसत्या भीतीने लोक बोट सोडत नाहीत, दुसरी सोय मिळाली की सोडतात. निर्दय वाटेल, पण तसंच आहे.

---

सुकाणू

मी बंदरांच्या कामात होतो, आता निवृत्त. थोडं तांत्रिक.

"मधल्या बंदरांत धक्के बांधले असते तर" हे बोलायला सोपं. कोकणातली बंदरं दोन जातींची. एक खाडीतली: दाभोळ, बाणकोट, राजापूर-जैतापूर. दुसरी उघड्या किनाऱ्यावरची: हर्णै, मालवण, वेंगुर्ला. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध असतो. भरतीला त्यावरून आत जाता येतं, ओहोटीला नाही, आणि वरून डोंगर धुपून येणारा गाळ दर पावसात त्यात भर घालतो. एके काळी गलबतं थेट राजापूरपर्यंत जायची. आज तिथे भरतीलाही जेमतेम होडी जाते. उघड्या किनाऱ्यावर धक्का बांधला तर आधी लाटा अडवायला बांध हवा, नाहीतर बोट धक्क्यावर आपटून फुटेल. म्हणजे धक्का हा एक खर्च, गाळ काढणं हा दरवर्षीचा, आणि लाटरोधक बांध हा तिसरा.

म्हणूनच नव्या रो-रोसाठी नावं कोणती निघाली ते पाहा: जयगड आणि विजयदुर्ग. दोन्ही खोल, दोन्ही आडोशाची. आंग्र्यांच्या आरमाराने विजयदुर्ग उगाच निवडला नव्हता. हर्णै-मालवणचं नाव पहिल्या यादीत नाही यात राजकारण शोधू नका, भूगोल आहे.

मांडव्याचं उदाहरण घ्या. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो १५ मार्च २०२० ला सुरू झाली (पंधरवडा उलटायच्या आत टाळेबंदी, हे नशीब). बोट ग्रीसमध्ये बांधलेली, गाड्या पोटात, माणसं वर, तासाभरात पलीकडे. ती पावसाळ्यातही बऱ्याच दिवशी चालते, गेटवे-मांडव्याच्या लाँच मात्र बंद असतात. फरक बोटीच्या आकाराचा आहेच, पण निम्मा फरक मांडव्याला बांधलेल्या लाटरोधक बांधाचा. त्यावर पैसा आधी खर्च झाला, बोट नंतर आली.

---

फोंडाघाट

सुकाणू साहेब, दंडवत. म्हणजे माझगावकरांचा निष्कर्ष बरोबर, पण उपाय त्यांना वाटतो तेवढा स्वस्त नव्हता, असंच ना?

---

सुकाणू

तसंच. आणि कंपन्यांनी तो करावा ही अपेक्षाही चुकीची. रस्ता एसटी बांधत नाही.

---

पावशेर_खोबरं

"रस्ता एसटी बांधत नाही" हे फ्रेम करून लावतो.

अवांतर: नव्वदच्या दशकात दमानियांची मुंबई-गोवा कॅटामरान (वेगवान बोट) होती, २०१८ ला आंग्रिया क्रूझ आली. दोन्ही टिकल्या नाहीत. त्यांना तर दोन्हीकडे धक्के होते. मग?

---

नलूताई_गिरगाव

त्या आमच्यासाठी नव्हत्याच रे. डेकवर सतरंजी टाकता आली असती का? आमच्या बोटीत बिऱ्हाड जायचं, त्यांच्यात सहल. तिकिटाचा आकडा बघूनच कळायचं कोणाला बोलावलंय.

---

दांडीवरचो

मालवणातसून नमस्कार. सगळा वाचलंय, आता ऱ्हवना नाय म्हणान लिवतंय.

मालवणच्या बंदराच्या तोंडाक खडकच खडक. बोट खूप भायेर उभी ऱ्हवायची, पडावाक वाट वळवन जावचा लागायचा आणि वाट फक्त आमच्या माणसांकच म्हायत. माझो आजो पडावावर होतो. तो सांगायचो, "बोटीत बसाक पैशे लागतत, चढाक काळीज." रात्री बोटीचो भोंगो झालो की सगळो वाडो उठायचो. कंदील घेवन माणसा किनाऱ्यार, मुंबयसून कोण येता ता बघूक. आजयेक भोंग्यावरसून कळायचा खयची बोट ती.

माझगावकरांनू, पडावाक दोष देतास ता वायच टोचला. त्या पडावार किती घरा चलत होती ता पण लिवा.

---

माझगावकर

दांडीवरचो, टोचलं ते बरंच झालं. आता सविस्तर सांगा. बोट बंद झाल्यावर पडाववाल्यांचं काय झालं? हे मला कुठेच लिहिलेलं सापडलेलं नाही. कंपनी कोणाची, बोट किती टनाची हे सगळे लिहितात.

---

दांडीवरचो

सांगतंय. काय जणांनी मासेमारी धरली, पडाव इकून यांत्रिक होडी घेतली. काय जण मुंबयक गेले, आता एसटीन. आमच्या घरातले दोघे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्यांवर गेले. पयल्यांदा धा-वीस माणसा दिवसाक, आता मे म्हयन्यात रांग लागता. वाट तीच, खडक तेच, आजयान दाखवलले. पर्यटकाक होडीत घेताना दंड धरतत तो पण तसोच, नलूतायनू, वळ येय सारखो. लाईफ जाकीट घाला म्हणान सांगूचा लागता, निम्मे घालनत नाय, फोटो बरो येना नाय म्हणतत.

२०२४ च्या डिसेंबरात गेटवेकडे घारापुरीच्या लाँचक नौदलाची स्पीडबोट आपटली आणि माणसा गेली, तेच्यानंतर आठ दिवस सगळ्यांनी मुकाट्यान घातली.

---

रेवसची_लेक

आठ दिवस. आमच्याकडेही तेवढेच.

---

खेतवाडीचा_कच्छी

दांडीवरचो, किल्ल्याची फेरी पावसात बंद असते ना? मे अखेरीला येणार आहोत, घरची सगळी मिळून.

---

दांडीवरचो

२५ मे पर्यंत येवा. तेच्यानंतर सप्टेंबरापर्यंत बंद. आणि सकाळच्यान येवा, दुपारनंतर वारो सुटता. धक्क्यार दांडीवाडीतलो पडाववाल्याचो नातू खय म्हणान इचारलास तर कोणय दाखयत.